आधी पट्टा, मग चिमटा

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात माझ्या एकाही लुगड्याला धड पदर राहिला नाही. नेसताना चांगलं दिसायचं आणि धुवायला काढलं की जागोजागी बोटं आरपार जायची. माहेरी गेले तेव्हा आई म्हणाली, "सासरी उंदरं पाळलीत का गं?" उंदरं नव्हती, तेजाब होता. मोटारीच्या बॅटरीतल्या तेजाबाचा बारीक शिंतोडा उडाला तर त्या घडीला काही कळत नाही. दोन धुण्यांनंतर कापडाची आपोआप जाळी होते. आमच्या घरात बाकी कशाची टंचाई असेल, पण त्या जाळीदार लुगड्यांची नव्हती.

आमचं घर वाटूरच्या फाट्यावर होतं. राज्य निजामाचं, आणि तिकडे कुठेतरी मोठी लढाई चालू होती म्हणून पेट्रोल मिळेनासं झालेलं. तरी जालन्याहून मंठ्याकडे आणि परतूरकडे जाणाऱ्या मोटारी आमच्या दारात थांबायच्या, कारण पुढे कोसच्या कोस गेलं तरी बॅटरी भरून देणारं कुणी नव्हतं. माझ्या नवऱ्याने जालन्याला सरकी काढायच्या कारखान्यात तेलाच्या इंजिनावर काम केलं होतं. तिथून सुटल्यावर त्यांनी एक जुनं इंजिन आणून फाट्यावर पिठाची गिरणी टाकली. मग एका मोडक्या लॉरीचा डायनमो कुठूनसा पैदा केला आणि त्याच इंजिनावरून त्याला एक पट्टा दिला. समोर बायकांचं दळण पडायचं आणि मागच्या खोलीत मोटारींच्या बॅटऱ्या भरायच्या, दोन्ही एकाच इंजिनावर. विजेची तार तेव्हा आमच्या बाजूला कुणी पाहिलीसुद्धा नव्हती.

त्यांचं नाव मी घेत नाही. तेव्हा घ्यायचं नसायचं, आणि आता घ्यायला गेले तर जीभ अडते. ते गिरणीवाले म्हणूनच सगळ्यांना माहीत होते. मी लिहायला बसले आहे ते त्यांच्या डोळ्यांविषयी. दोन्ही एका वेळी गेले नाहीत. एक गेला, आणि दुसरा वाचतो की काय असं आम्हाला फार दिवस वाटत राहिलं.

माणूस तसा गप्प, पण बॅटरीच्या बाबतीत सासूपेक्षा खाष्ट. इतरांचे नवरे नव्या बायकोला जत्रेला नेतात, आमच्यांनी मला मागच्या खोलीत नेलं आणि बॅटरी दाखवली. सागवानी फळीवर ओळीने बॅटऱ्या मांडलेल्या, प्रत्येकीला दोन चिमटे लावलेले, तारा भिंतीवरच्या एका लहान लोखंडी पेटीत गेलेल्या. बॅटरी भरत आली की आतलं पाणी उकळल्यासारखं बुडबुडतं. तो बुडबुडा म्हणजे गॅस, असं त्यांनी सांगितलं. डोळ्याला दिसत नाही, पण ठिणगी पडली तर बंदुकीसारखा उडतो.

"आन् ठिणगी कशानं पडल?" त्यांनी मला विचारलं. नव्या नवरीला विचारायचा हा प्रश्न!

"चुलीनं," मी म्हटलं.

"न्हाई. चिमट्यानं. करंट चालू असताना चिमटा वढला की तिथंच ठिणगी. म्हणून आधी पट्टा, मंग चिमटा."

म्हणजे असं, की बॅटरी भरत असताना सोडवायची झाली तर आधी काठीने डायनमोवरचा पट्टा उतरवायचा. डायनमोचं चाक मंदावलं की भिंतीवरच्या पेटीत 'टक्' असा आवाज होतो. तो झाला की करंट तुटला. मग सुपाने वारा घालून बॅटरीवरचा गॅस घालवायचा, तोंड बाजूला फिरवायचं आणि तेव्हा कुठे चिमट्याला हात लावायचा. परसाकडचं दार कायम उघडं हवं. ते दार त्यांनी तारेने भिंतीला बांधून ठेवलं होतं.

दुसरा धडा तेजाबाचा. तेजाब पातळ करायचा तर चिनी मातीच्या बरणीत आधी पाणी घ्यायचं आणि त्यात तेजाब हळूहळू सोडायचा. उलटं कधीच करायचं नाही. एकदा त्यांनी मला आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, लांब उभं करून तेजाबात थेंबभर पाणी टाकून दाखवलं. चर्र झालं आणि थेंब उडून फळीवर पडला, तिथे काळा डाग उठला. "पाह्यलं का? तेजाबावर पाणी बिलकुल न्हाई," ते म्हणाले. आत्याबाईंनी हात जोडले. त्यांना त्या तेजाबात देवीच दिसली असावी.

आत्याबाईंबद्दल मला बरं लिहिता येईल की नाही, माहीत नाही. वाईट नव्हत्या. लवकर विधवा झालेल्या, दुसऱ्याच्या रानात खुरपून त्यांनी एकुलता एक मुलगा वाढवला, आणि त्याच्याशिवाय त्यांना जगात दुसरं काही नव्हतं. मला जेवायला वाढताना त्यांचा हात कधी आखडला नाही. पण ऐकायचं ते अर्धं ऐकायच्या आणि धरून ठेवायचं ते घट्ट. मुलाने जे जे सांगितलं ते त्यांनी मंत्रासारखं पाठ केलं होतं, आणि मंत्राचा अर्थ कुणी विचारत नाही.

नवरात्रात त्यांचा घट बसायचा. आमच्याकडे नऊ दिवस तेलाचा दिवा अखंड ठेवतात, तो विझू द्यायचा नाही. विझला तर घरच्या कर्त्या माणसावर येतं असं मानत. आत्याबाई त्या नऊ दिवसांत जेवत नव्हत्याच, झोपतही नव्हत्या म्हटलं तरी चालेल. दिव्याजवळ बसून वात पुढे सारायची, तेल घालायचं, पुन्हा बसायचं. घट होता आतल्या खोलीत, आणि आतल्या खोलीला लागून बॅटऱ्यांची खोली. परसाचं दार, मधलं दार आणि दिवा एका रेषेत येत होते.

त्या वर्षी वारा फार होता. आश्विनात असा वारा सुटत नाही, पण त्या वर्षी सुटला. आदल्या दिवसापासून ज्योत आडवी व्हायची आणि आत्याबाई पदर धरून बसायच्या. सकाळी त्या परसात गेल्या, दाराची तार सोडली आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातली, खाली पोतंसुद्धा कोंबलं. कर्त्या माणसावर येऊ नये म्हणून. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी गिरणीत पीठ भरून देत होते.

दसरा जवळ आला की गिरणीवर गर्दी मावत नाही. पुरणासाठी गहू दळायचा असतो, आणि प्रत्येक बाईला आपलाच डबा आधी हवा असतो. जातं भरलेलं, वर धान्य ओतायच्या चाडीत कुणाचा तरी गहू, बायकांची भांडणं रंगात आलेली. अशात दारात एक मोटार ढकलत आणली. तालुक्याच्या कुणा बड्या अंमलदाराची मोटार होती. तिची बॅटरी आदल्या दिवशीच आमच्याकडे भरायला दिलेली, आणि तिच्याशिवाय मोटार चालत नव्हती. ड्रायव्हर मोठ्याने बोलणारा होता.

"गिरणीवाले, जल्दी करा! साहेब खोळंबून राह्यले तिकडं झाडाखाली."

"गहू पडू दे. इतकं दळण उतरलं की देतो," हे म्हणाले.

"दळण गेलं खड्ड्यात. साहेबाला मी काय सांगू, बाया भांडून राह्यल्या म्हणून?"

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पट्टा उतरवणं सोपं होतं, काठीचा एक हिसका दिला की झालं. पण तो परत चढवायला इंजिन मंद करावं लागे, आणि जात्यात धान्य असताना इंजिन मंद केलं की जातं बसायचं. मग दगड उचलून, साफ करून पुन्हा सुरू करायला अर्धा दिवस जायचा. फळीवर आणखी दोन बॅटऱ्या भरत होत्या, त्याही त्याच दिवशी द्यायच्या होत्या. पट्टा उतरवला तर एकतर त्या राहणार, नाहीतर जातं बसणार आणि समोरच्या बायका आमचा उद्धार करणार.

मी त्यांच्याकडे बघत होते. ते मागच्या खोलीच्या उंबऱ्यात उभे राहिले. पट्ट्याकडे पाहिलं, चाडीतल्या गव्हाकडे पाहिलं. काठी तिथेच भिंतीला टेकलेली होती. मग ते सरळ आत गेले.

मी "अहो" म्हणून हाक मारली. इंजिनाच्या आवाजात ती माझी मलाच ऐकू आली नाही.

आवाज फार मोठा झाला नाही, लोक नंतर सांगत तसा तर मुळीच नाही. कुणी तरी पत्र्यावर मोठा दगड टाकावा तेवढा. माझ्या कानात मात्र एकदम शिट्टी बसली आणि समोरच्या बायकांची तोंडं उघडलेली दिसली, आवाज आला नाही. मग त्या बाहेर पळाल्या. मी आत गेले. बॅटरीचं वरचं झाकण उडालं होतं, भिंतीवर काळं पाणी ओघळत होतं, आणि हे जमिनीवर गुडघ्यांत तोंड घालून बसले होते. दोन्ही हातांनी डोळे दाबलेले. बोटांच्या फटींतून तेजाब गळत होता.

दाराशी रांजण होता. मी तांब्या भरला, त्यांचं डोकं केसांना धरून वर केलं आणि उजव्या बाजूने सगळं पाणी ओतलं. ते ओरडले. दुखलं म्हणून ओरडले असं मला वाटलं.

"पाणी न्हाई! पाणी नको टाकू! तेजाब हाय!"

हे ते स्वतः म्हणाले. ज्यांना सगळं ठाऊक होतं ते. बरणीतला तेजाब आणि डोळ्यातला तेजाब यांत फरक करायला माणूस शुद्धीवर लागतो, आणि ते वेदनेने वेडे झाले होते. मी दुसरा तांब्या भरला. तेवढ्यात आत्याबाई आल्या. त्यांनी मुलाचं बोलणं ऐकलं होतं, आणि ते तर त्यांना पाठच होतं. त्यांनी माझ्या हातातला तांब्या हिसकून भिंतीवर मारला आणि रांजणासमोर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"मारती का त्याला? तेजाबावर पाणी टाकती का, सटवे!"

मी त्यांना ढकललं. सुनेने सासूला ढकललं, तेही नवरात्रात, उपाशी म्हातारीला. त्या पडल्या नाहीत. इतके दिवस न जेवलेल्या बाईच्या अंगात एवढं बळ कुठून आलं, देव जाणे. आम्ही दोघी रांजणापाशी झटत होतो आणि हे पाणी नको, पाणी नको म्हणत भिंतीकडे सरकत होते. मग आत्याबाई आत गेल्या आणि घटापुढच्या दिव्यातलं तेल वाटीत घेऊन आल्या. देवीचं तेल. मी रांजणापर्यंत पोचून तांब्या बुडवेपर्यंत त्यांनी ते मुलाच्या दोन्ही डोळ्यांत घातलं होतं, आणि तो आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. तिथून त्याला हलवणं माझ्याच्याने झालं नाही.

दिवा तसाच जळत होता. एवढा स्फोट झाला, पण मधलं दार लोटलेलं असल्यामुळे ज्योत हललीसुद्धा नाही. मला त्या दिव्याचा इतका राग आला की आजही कुठे अखंड दिवा पाहिला की मी दुसरीकडे बघते. देवाधर्माला मी नाव ठेवत नाही. माझा राग एवढाच आहे.

ड्रायव्हर उंबऱ्यात थिजून उभा होता. मी त्याला म्हटलं, "मोटार काढा. जालन्याला न्यायचं यांना."

"बाई, मोटार कशी निघल? तिचीच तर बॅटरी फुटली."

प्रवाशांची सर्व्हिसची मोटार यायला अजून दुपार व्हायची होती. तीसुद्धा त्या दिवसांत आली तर आली. बैलगाडीने जालना म्हणजे दुसरा दिवस उजाडणार. मी फळीकडे पाहिलं. त्या दोन बॅटऱ्या तशाच होत्या, बुडबुडत होत्या. इंजिन चालूच होतं, जातं रिकामं फिरत होतं, पट्टा डायनमोवर तसाच पळत होता.

"त्यातली एक लावा," मी म्हटलं.

ड्रायव्हरने हात मागे घेतला. "म्या न्हाई हात लावत. आत्ता पाह्यलं न्हाई का तुम्ही?"

त्याला मी दोष देत नाही. त्याला बायकोमुलं असतील. पण त्या क्षणी मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

आत्याबाईंच्या मांडीवरून आवाज आला. "कोन हाय तिथं?"

"मी," मी म्हटलं.

"तू काढ." मग श्वास घेऊन म्हणाले, "आधी पट्टा."

मी काठी उचलली. ती काठी मी कधी हातात धरली नव्हती. पट्ट्याच्या कडेला लावली तर तिला असा हिसका बसला की खांदा निखळतो की काय असं झालं. दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी जोर लावला. पट्टा सुटून सापासारखा भिंतीवर आपटला आणि खाली पडला. डायनमोचं चाक मात्र फिरतच होतं.

"उतरला," मी ओरडले.

"टक् वाजलं का?"

मला बारीक काहीच ऐकू येत नव्हतं. कानात शिट्टी चालू होती. त्यांनाही येत नव्हतं, म्हणून तर विचारत होते. त्यांचं बोलणंच मी अर्धं ओठांवरून समजून घेत होते. मी ड्रायव्हरकडे पाहिलं तर तो रस्त्यापर्यंत मागे गेलेला. पेटीला हात लावून पाहिला, तिच्यातून मला काही कळेना.

"ऐकू येत न्हाई हो मला!"

ते म्हणाले, "चाकाकडं पाह्य. चाक थांबू दे. पुरतं थांबू दे. घाई करू नको."

मी चाकाकडे बघत उभी राहिले. एका बाजूला त्यांच्या डोळ्यांत तेजाब जिरतोय, आणि मी चाक थांबायची वाट बघत उभी. त्यांनीच घाई केली म्हणून हे झालं, आणि आता मला सांगत होते घाई करू नको. मला रडू आलं, रागही आला. चाक हळू झालं, आरे एकेक दिसायला लागले, मग थांबलं.

"थांबलं."

"दार उघड परसाचं."

म्हणजे त्यांना दाराचं कळलं होतं. दार लावलेलं आहे हे आत गेल्याबरोबर त्यांच्या लक्षात आलं होतं आणि तरी त्यांनी हात घातला, की नंतर कळलं, हे मी त्यांना पुढे कधी विचारलं नाही. आत्याबाईंनी मान खाली घातली. मी पोतं ओढून काढलं, कडी काढली. वारा आत आला तसा, मधलं दार आता उघडं राहिलेलं म्हणून, आतल्या खोलीतला दिवा विझला. आत्याबाईंनी तिकडे पाहिलं, पण उठल्या नाहीत.

मी सूप घेतलं आणि बॅटरीवर वारा घातला. तोंड फिरवलं. चिमट्याला हात लावला तेव्हा मला वाटलं की आपण आता दोघंही आंधळे होणार आणि या म्हातारीने दोघांना सांभाळायचं. चिमटा निघाला. काही झालं नाही. दुसरा निघाला. बॅटरी उचलून मी रस्त्यापर्यंत नेली, इतकी जड वस्तू मी त्याआधी उचलली नव्हती. ड्रायव्हरने ती मोटारीत बसवली.

ते अंमलदार झाडाखालून चालत आले. मी पदर ओढून घेतला. त्यांनी यांच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "ले जाओ. मी दुसरी गाडी बघून घेतो माझी." मोठ्या माणसाकडून तेवढं मिळालं, नाही म्हणणार नाही.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाण्याने धुतले का?" आणि मग नळी लावून ते स्वतः धूत बसले, किती तरी वेळ. पाणी खाली बादलीत पडत होतं. आत्याबाई दारात उभ्या राहून ते पाणी बघत होत्या.

"डावा गेला," डॉक्टर म्हणाले. "उजवा कमी भाजलाय. त्याच्यावर आधी पाणी कोणी टाकलं होतं?"

"मी. एक तांब्या," मी म्हटलं.

"त्यानेच काही उरला तर उरला आहे. आणखी टाकायचं होतं."

मला किंचाळावंसं वाटलं. हे वाक्य मला नको होतं, आत्याबाईंना ऐकवायचं होतं, आणि त्यांनी ते ऐकलं. मला वाटलं होतं की त्यांनी ऐकल्यावर माझ्या मनाला काही तरी बरं वाटेल. त्या जागच्या जागी खाली बसल्या आणि आपल्या हातांकडे बघत राहिल्या. मला बरं वाटलं नाही.

दवाखान्याच्या ओसरीत आम्ही पुष्कळ दिवस काढले. दसरा तिथेच गेला, दिवाळीही. उजव्या डोळ्याची पट्टी सोडली तेव्हा ते खिडकीकडे बोट करून म्हणाले, "उजेड हाय तिकडं." मग माझ्याकडे वळले. "तू हिरवं नेसली." मी हिरवंच नेसले होते. आत्याबाईंनी माझे पाय धरले. मी पाय ओढून घेतले, मला ते सहन झालं नाही. त्या दिवशी आम्ही तिघंही जेवलो.

घरी आल्यावर गिरणी पुन्हा सुरू केली. दगड आणि इंजिन मी सांभाळायचे, ते खाटेवर बसून आवाजावरून सांगायचे. उजव्या डोळ्याने त्यांना माणसाचा आकार दिसायचा, रंग दिसायचे, दारात कुणी आलं की ते तिकडे तोंड फिरवायचे. उन्हाळाभर तसं चाललं. मग पावसाळ्यात कधी तरी माझ्या लक्षात आलं, की माणूस दारात आलं तरी ते तोंड फिरवत नाहीत, ते बोललं की मगच फिरवतात. एके दिवशी मुद्दाम लाल लुगडं नेसले आणि विचारलं, "सांगा बघू, काय नेसले?" ते माझ्याकडे तोंड वळवून म्हणाले, "हिरवं." डोळ्यावर पांढरा पडदा चढत आला होता. त्यांनी तो आमच्यापासून लपवला होता आणि आता मला कळलं हेही त्यांना कळलं.

आत्याबाईंनी त्या वर्षी घट बसवला नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आता होत न्हाई." मी त्यांच्याशी पहिल्यासारखी बोलायला लागायच्या आतच त्या गेल्या. गेल्यावर मात्र मला त्यांची फार आठवण आली. रागवायला आता कुणी उरलं नव्हतं.

बॅटऱ्यांचं काम मी बंद केलं होतं. त्या खोलीत जायची मला इच्छा नव्हती. पण मोटारवाले यायचे, विचारायचे, नाइलाजाने पुढे जायचे, आणि हे खाटेवर ऐकत बसायचे. शेवटी एकदा म्हणाले, "ते काम बंद पडू द्यायचं न्हाई. तू कर."

"मला भ्या वाटतं."

"मलाबी वाटतं. म्या बसतो तिथं."

मी डायनमोवर पट्टा चढवला. एका लॉरीची बॅटरी फळीवर लावली. परसाचं दार आता काढूनच टाकलं होतं, नुसती चौकट होती. सकाळी लावलेली बॅटरी दुपारी बुडबुडायला लागली. ते भिंत चाचपत आले आणि बाकावर बसले. मी काठीने पट्टा उतरवला. पेटी टक् वाजली, ती आम्हा दोघांनाही ऐकू आली. मी सुपाने वारा घातला आणि खाली वाकले.

"थांब," ते म्हणाले.

ते उठले. हाताने फळी चाचपत माझ्या मागे आले, माझा खांदा सापडला, मग माझी मान, मग तोंड. त्यांनी आपला तळवा माझ्या दोन्ही डोळ्यांवर घट्ट दाबून धरला. तळव्याला जुन्या तेजाबाचे खडबडीत डाग होते, ते माझ्या पापण्यांना लागत होते.

"आता काढ," ते म्हणाले.

"अहो, मला दिसत न्हाई."

"न्हाई दिसू दे. हातानं काढ."

मी अंधारात चिमटा शोधला आणि काढला. ते होते तोवर मी त्या खोलीत एकही चिमटा डोळ्यांनी पाहून काढला नाही.